सहभागी क्रमांक सात

गुरुवारी दुपारी मी नर्सिंगच्या मुलींना डोक्याचं बँडेज बांधायला शिकवत होते, तेव्हा पालघरच्या आरोग्य कार्यालयातल्या क्लार्कचा फोन आला. सोमवारी तिथं माझ्या संशोधनाचं सादरीकरण होतं. प्रोजेक्टर मिळेल, पॉइंटर तुमचा तुम्ही आणा, असं त्यानं सांगितलं. मग जाता जाता हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या अहवालातली सात नंबर म्हणजे ती किनाऱ्यावरची आशाताई ना? आमच्या सुपरवायझर बाईंनी एका मिनिटात ओळखली."

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. समोर एका मुलीच्या डोक्याला अर्धवट पट्टी होती आणि ती बिचारी मान न हलवता बसली होती. पुढचे वेढे मी इतके घट्ट दिले की तिला शेवटी "मॅडम, दुखतंय" म्हणावं लागलं.

त्या बाईला मी शब्द दिला होता की तिचं नाव कुठेही येणार नाही. आणि नाव आलं नव्हतंच, हेच सगळ्यात वाईट होतं.

मी बोईसरला राहते, नर्सिंग शिकवते आणि चाळिशी उलटल्यावर पुढची पदवी घ्यायची खाज मला सुटली होती. विषय साधा होता. गरोदर बायका रक्तवाढीच्या गोळ्या खरंच घेतात का? अभ्यासाचे दोन भाग. पहिला संख्यात्मक, म्हणजे आकड्यांचा. आशाताई, म्हणजे सरकारी योजनेत गावोगावी काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, दर महिन्याला घरोघरी जाऊन, उरलेल्या गोळ्या मोजून, रजिस्टरात लिहितात, ते सगळं उतरवून घ्यायचं आणि तक्ते करायचे. दुसरा गुणात्मक, म्हणजे माणसांजवळ बसायचं, त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा. माझ्या गाइड मॅडमचं म्हणणं असं की पहिला भाग 'किती' ते सांगतो आणि दुसरा 'का' ते सांगतो, आणि दोन्ही एकमेकांना हात देतात.

माझ्या बाबतीत ते एकमेकांच्या उरावर बसले. किनाऱ्यावरच्या एका गावात रजिस्टराप्रमाणे जवळजवळ सगळ्याच बाया गोळ्या घेत होत्या. त्याच गावातल्या बाया मुलाखतीत सांगत होत्या की गोळ्यांनी मळमळतं आणि पाकिटं फडताळावर पडून आहेत. गावाचं नाव मी लिहीत नाही. एकदा नको तेवढं लिहून चांगलीच पस्तावले आहे.

हे दोन भाग एका प्रकरणात कसे मांडायचे, यावर माझं घोडं कित्येक आठवडे अडलं होतं. मी दोनदा प्रकरण लिहून फाडलं. घरच्यांवर उगाच खेकसले. आकडे खोटे म्हणावेत तर ते सरकारी शिक्क्याचे, आणि बाया खोट्या म्हणाव्यात तर त्यांची फडताळं मी डोळ्यांनी पाहिलेली. शेवटी ती गाठ त्या आशाताईनंच सोडवली होती.

तिची मुलाखत मी तिच्या मागच्या दारी घेतली होती. ती सुपात सुकट निवडत होती आणि फोन आमच्या दोघींच्या मधे रेकॉर्डिंगला लावलेला. तासभर ती फॉर्मात लिहितात तसंच बोलत होती. मी उठायच्या बेतात होते, तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

"सिस्टर, खरं सांगू? बाया पहाटेलाच बंदरावर जातात, तिथून बाजाराला. मी जाते तवा दाराला कडी. दोनदा जाते, तीनदा जाते. फॉर्म तर महिन्याला भरायलाच लागते. मग मी घरी बसून लिवते, घेतल्या म्हणून."

मग लगेच तिनं विचारलं, नाव येणार नाही ना. मी म्हटलं, नाव कुठेही येणार नाही ताई, तुम्हाला फक्त नंबर असेल. बोईसरला परतताना बसमध्ये मी एवढी खूश होते की शेजारच्या अनोळखी बाईला सीटवर जास्तीची जागा दिली. दोन भागांमधलं भांडण मिटलं होतं, आणि ते सुद्धा एका परिच्छेदात.

तिला नंबर मिळाला सात. आणि त्या नंबराबरोबर मी तिला काय काय दिलं होतं, ते गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन मी पाहिलं. प्रबंध इंग्रजीत होता, पण परवानगी देणाऱ्या कार्यालयासाठी मी मराठीत अहवाल केला होता आणि तो मंगळवारीच पाठवला होता. त्यात 'सहभागींची ओळख' असा तक्ता होता. वय, शिक्षण, समाज, वैवाहिक स्थिती, काम, कामाची वर्षं, गाव किनाऱ्यावरचं की डोंगराकडचं. माझ्या गाइडचं पहिल्या दिवसापासूनचं पालुपद होतं की वाचकाला आकडा नको, माणूस दिसला पाहिजे. सातव्या ओळीत तो दिसत होता. मासेमार समाज, विधवा, नववी शिकलेली, योजना आली तेव्हापासून आशाताई, गाव किनाऱ्यावरचं. अख्ख्या तालुक्यात अशी बाई एकच. मी आडनाव तेवढं गाळलं होतं. आणि तक्त्याच्या पुढच्याच पानावर, तिच्याच बोलीत, सुकट निवडताना बोललेलं ते वाक्य, खाली 'सहभागी क्रमांक सात'.

मला स्वतःचा एवढा राग आला की मी ते पान चुरगाळलं, आणि मग लक्षात आलं की पान चुरगाळून काही होणार नाही, त्याच्या प्रती कार्यालयात आहेत.

शुक्रवारी सकाळी क्लार्कलाच फोन करून विचारलं. सुपरवायझर बाईंनी तिला सोमवारी सगळी रजिस्टरं घेऊन बोलावलं होतं. सादरीकरणाच्या वेळीच. साहेबांनी समोरासमोर विचारायचं ठरवलंय, तो म्हणाला. त्याचा आवाज आता हसरा नव्हता.

गाइड मॅडमना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तक्त्यातले चार रकाने काढ, सोमवारी नव्या प्रती वाट आणि जुन्या परत घे, असं म्हणाल्या. वाक्य मात्र काढायचं नाही, तेच तुझा प्रबंध आहे. मग त्यांनी सहज विचारलं, "तिला वाचून दाखवलंस तेव्हा ती काय म्हणाली? पद्धतीच्या भागात लिहिलंयस तू."

मी म्हटलं, "बरोबर आहे म्हणाली."

मी तिला काहीही वाचून दाखवलं नव्हतं. आमच्या या कामात एक रीत आहे. मुलाखती लिहून काढल्या, त्यांतून अर्थ काढला की पुन्हा त्या माणसाकडे जायचं, त्याचं म्हणणं त्याला वाचून दाखवायचं, आणि हे तुमचंच ना, असं विचारायचं. परीक्षक ही गोष्ट हमखास शोधतात. मी ते वाक्य कधीच लिहून ठेवलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका बाजूला कुकर लावलेला असताना: 'प्रत्येक सहभागीच्या घरी जाऊन तिचे म्हणणे तिला वाचून दाखविले व खात्री करून घेतली.' सुट्टी लागली की जायचंच होतं. पालघरातल्या दोघींकडे गेलेही. मग परीक्षा लागल्या, मग पेपर तपासणी, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. वाक्य तसंच राहिलं. रोज वाचून वाचून ते घडलंय असंच मला वाटायला लागलं होतं.

शनिवारी सकाळी मी तिच्या गावाला जाणारी बस धरली. कारखान्यांचा रस्ता संपून ताडांची झाडं लागली. परत फिरावंसं वाटत होतं, हे कबूल करते.

ती पडवीत बसली होती. भोवती रजिस्टरं उघडी पडलेली, आणि ती वेगवेगळ्या पेनांनी जुन्या रकान्यांतल्या खुणा गिरवत होती. सगळा महिना एकाच पेननं, एकाच दमात भरलेला कुणालाही कळला असता, म्हणून. मला पाहून ती उठली नाही. बसा सुद्धा म्हणाली नाही. मी आपली उंबऱ्याजवळ बसले.

"तुमी बोललेल्या नाव नाय येणार."

मी म्हटलं, नाव नाही आलंय ताई. आणि तक्ता तिच्यापुढे धरला. तिनं बोट ठेवून सातवी ओळ वाचली, एकेक रकाना, सावकाश. विधवा या शब्दावर बोट जरा थांबलं.

"हे नाव नाय तर काय हाय?" ती म्हणाली.

मी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही आणि नाकारलीही नाही. ती सोमवारचंच बोलत राहिली. काढून टाकतील का, असं तिनं मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी माहीत नाही म्हटलं. नवरा गेला तेव्हा गावानं तिला कोपऱ्यात बसवलं होतं, असं ती सांगत होती. या कामानं तिला दारोदार नेलं. आता बाळंतपणात बाई अडली की रात्री-बेरात्री लोक तिचंच नाव घेऊन हाका मारतात. हे गेलं तर पुन्हा कोपराच.

मग मी ज्यासाठी आल्याचं स्वतःला सांगत होते ते केलं. तिचं वाक्य तिला वाचून दाखवलं. तिनं मान खाली घालून ऐकलं. खरं आहे, असंच बोलले मी, म्हणाली. हवं तर ते वाक्य मी काढते, असं मी म्हणाले, पण जुन्या प्रती सगळ्यांनी वाचल्यात हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

तिनं अहवाल माझ्या हातातून घेतला आणि मागची पानं चाळायला लागली. आपल्याबद्दल आणखी काही आहे का ते बघत असावी. एका पानावर थांबली. ओठ हलवत वाचलं. मग बोट ठेवून पान माझ्याकडे वळवलं.

"हे कवा झालं?"

मी पाहिलं. ते माझं कुकरजवळचं वाक्य होतं. "आत्ता," मी म्हटलं.

"आणि बाकीच्या बायांला?"

दुसऱ्या कुणाला समजावून सांगावं लागलं असतं, तिला काही सांगावं लागलं नाही. ती या धंद्यातली होती. तिनं पेनला टोपण लावलं.

"म्हंजे तुमी पण घरी बसूनच भरलं."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोलले असते, माझा स्वभावच तसा आहे. ती उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. मी पडवीत बसून राहिले आणि मला लाज वाटली, सरळसोट लाज. महिनाभर मी तिच्या रजिस्टरावर नाकानं कांदे सोलत लिहीत होते. 'नोंदींची विश्वासार्हता' असं त्या भागाचं शीर्षक होतं. माझं वाक्य आणि तिचा रकाना यांत काडीचा फरक नव्हता, आणि शनिवारपर्यंत मला तो दिसला नव्हता, हे खरं सांगते.

रविवारी बोईसरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. कामगारांच्या बायोडेटांच्या रांगेत तासभर उभी राहिले. त्यानं तक्ता उघडला, चार कॉलम उडाले. "और कुछ, मॅडम?" त्यानं विचारलं. पद्धतीचं पान स्क्रीनवर होतं. मी ते वाक्य बघत राहिले. काढलं तर गाइड मॅडम विचारणार, त्यांना मी फोनवर खोटं बोललेलं उघडं पडणार, आणि परीक्षकांपुढे प्रबंधाचा अर्धा भाग लंगडा होणार. मागचा माणूस घाई करत होता. "नही, बस," मी म्हटलं. इतकी मी भित्री निघाले.

सोमवारी नव्या प्रती वाटल्या, जुन्या मागून घेतल्या. एक प्रत सुपरवायझर बाईंनी दिली नाही. ती त्यांच्या वहीखाली होती, कोपरा मला दिसत होता. गाइड मॅडम पुढच्या रांगेत. आशाताई बाहेर व्हरांड्यात बाकावर, मांडीवर रजिस्टरांची कापडी पिशवी घेऊन. दार लोटलेलं होतं, पण फटीतून तिच्या साडीचा काठ दिसत होता, आणि मी बोलताना सारखी तिकडेच बघत होते.

आकड्यांचे तक्ते छान गेले. साहेबांनी दोनदा मान डोलावली. किनाऱ्यावरच्या गावांचे आकडे आले तेव्हा सुपरवायझर बाईंनी सगळ्यांकडे नजर फिरवली. मग मुलाखतींचा भाग आला आणि साहेबांनी हात वर केला.

"हे रजिस्टर घरी बसून भरण्याचं काय प्रकरण आहे? त्या बाई आल्यात ना बाहेर? बोलवा आत."

शिपाई दाराकडे निघाला. दार उघडलं की संपलं असतं. तिला खोटं बोलता आलं नसतं. माझ्यासमोर एकदा खरं बोलून बसलेली बाई होती ती.

"साहेब, थांबा," मी म्हटलं. शिपाई थांबला. "या अहवालात माझं एक वाक्य खोटं आहे, ते आधी सांगू द्या."

आणि मी सांगितलं. पद्धतीच्या भागातलं वाक्य वाचून दाखवलं आणि म्हटलं, मी तिघींकडेच गेले, बाकी कुणाकडे नाही. हे मी माझ्या घरी बसून लिहिलं. जमणार नव्हतं, पण फॉर्मात रकाना होता म्हणून. माझी अक्कल अशी की मला वाटलं, यातून साहेबांना कळेल. शिकली-सवरलेली बाई असं करते, तर पहाटे कड्या लागलेल्या दारांपुढे उभी राहणारी काय करणार? बाईला नका धरू, फॉर्माची वेळ बदला, असं मला पुढे म्हणायचं होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं.

साहेबांनी मला तिथपर्यंत पोचूच दिलं नाही. "म्हणजे मुलाखतींचा भाग पडताळलेलाच नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. उलट मोकळा झाला. "मग प्रश्नच मिटला. मॅडम, तो भाग वगळा. आकडे चांगले आलेत, ते राहू द्या."

सुपरवायझर बाईंनी वहीखालची प्रत काढून स्वतःहून माझ्यापुढे सरकवली. बाहेरच्या बाईंना जायला सांगा, रजिस्टरं बघायची गरज नाही, असं साहेब शिपायाला म्हणाले. कुणीतरी चहा मागवला. गाइड मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या.

त्या क्षणी मी एवढंच म्हणायला हवं होतं की वाक्य माझं खोटं होतं, तिचं नाही. ती म्हणाली ते खरं आहे. मी तोंड उघडलं सुद्धा. पण ते खरं म्हटलं की शिपाई पुन्हा दाराकडे जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिला वाचवायचं तर तिला खोटी राहू द्यावं लागत होतं. मी तोंड मिटलं आणि पुढची स्लाइड लावली. तिच्यावर पुन्हा आकडेच होते.

प्रबंध एक सत्र मागे पडला. मी सगळ्यांकडे जाऊन वाचून दाखवलं, गाइड मॅडम पुष्कळ दिवसांनी माझ्याशी नीट बोलल्या, ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी खाली उतरले तेव्हा ती फाटकाजवळ उभी होती. तिला घरी जा म्हणून सांगितलं होतं, पण ती थांबली होती. मी आधी तिला तेच सांगितलं, रजिस्टर कुणी बघणार नाही, कामाला धक्का नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं. दोन दिवस ती जेवली नसावी, असं मला वाटलं.

मग तिनं विचारलं, मी बोलले त्याचं काय झालं. काढलं, मी म्हटलं.

"आणि आकडे?"

"ते आहेत."

बस आली होती, पण तिनं हात केला नाही.

"म्हंजे आमच्या गावच्या सगळ्या बाया गोळ्या खातात," ती म्हणाली. "तुमच्या पुस्तकात पण."

मी हो म्हटलं.